स्लाइड नसताना मोजलेले सहा कण

रायपुरात बसून मी समुद्राच्या वाळूवर पीएचडी केली, हे ऐकून लोकांना अजून हसू येतं. इथून समुद्र गाठायचा तर रात्रभराची रेल्वे आणि वर अर्ध्या दिवसाची बस. पण माझ्या सरांचं सगळं आयुष्य त्याच वाळूत गेलं होतं. त्यांच्या हाताखाली काम करायचं तर वाळू, दुसरं काही नाही.

सर रायपुरातल्या बूढ़ापारा मोहल्ल्यात राहायचे. भोसल्यांच्या काळात आलेल्या घराण्यातले, घरात नागपुरी मराठी, बाहेर हिंदी. मी त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला साडेतीनेक वर्षं होती. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात भिंग, आणि कॉलेजात सगळीकडे एकच ख्याती : सरांचा डोळा. मोहरीहून बारीक कण मायक्रोस्कोपखाली ठेवला की पुढच्या क्षणाला त्याचं नाव सरांच्या तोंडात.

त्यांचं एक म्हणणं होतं आणि ते त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी छापलं होतं. ओडिशाच्या किनाऱ्याच्या त्या पट्ट्यातली जड खनिजं आपल्या भागातून, महानदीतून वाहत गेलेली आहेत. पुरावा म्हणजे हिरवट हॉर्नब्लेंड. ते आतल्या खडकांतलं, किनाऱ्यालगतच्या डोंगरांत फारसं नाही. "आपल्या राजीमची वाळू तिथं पडून आहे, पोरी," असं ते अभिमानानं म्हणायचे; राजीम म्हणजे इथलंच महानदीकाठचं गाव. माझ्या प्रबंधानं त्यावर शेवटचा शिक्का मारायचा होता.

दोन खेपांत मी अडतीस पिशव्या वाळू आणली. प्रत्येक पिशवी आधी गोड्या पाण्यानं धुवायची, मीठ काढायचं, भट्टीत वाळवायची. मग एकावर एक रचलेल्या चाळण्या, वर मोठ्या भोकांची, खाली बारीक, आणि त्या हलवणारं यंत्र. पंधरा मिनिटं त्याचा खडखडाट चालायचा, मग प्रत्येक चाळणीत किती वाळू राहिली ते तोलायचं. चाळण्यांचे आकडे पहिल्यापासूनच थोडे आडवे जात होते. महानदीच्या मुखाकडून दूर जावं तशी वाळू बारीक व्हायला हवी होती. माझी वाळू उलट भरड होत होती, किनाऱ्यालगतच्या डोंगरांतून येणाऱ्या दक्षिणेच्या एका लहान नदीकडे जाताना. मी ते सरांना सांगितलं. ते म्हणाले, "चाळणी लाटेचं सांगते, मायबापाचं नाही सांगत. मायबाप कोण ते खनिज सांगते." मला ते पटलं.

खनिजं वेगळी करायला वाळू एका जड द्रवात टाकायची. पांढरी हलकी वाळू तरंगते. काळे, गुलाबी, हिरवे कण तळाला बसतात. त्या द्रवाला गोडसर वास असतो. खिडक्या उघड्या टाकूनही संध्याकाळी डोकं जड व्हायचं. तळाचे कण धुऊन काचपट्टीवर पसरून चिकटवले की स्लाइड तयार. मग मोजणी. एका स्लाइडवर तीनशे कण, प्रत्येकाचं नाव घ्यायचं.

मोजणी सर करायचे. नियमाप्रमाणे ती मी करायची होती, पण ते म्हणाले, "तुझा डोळा अजून कच्चा आहे. तू फक्त लिही." ते मायक्रोस्कोपवर वाकायचे, बाजूची चकती फिरवून स्लाइड पुढे सरकवायचे आणि नावं बोलायचे. मी वहीत रकाने आखून रेघा मारायचे. इल्मेनाइट. हॉर्नब्लेंड. गार्नेट. हॉर्नब्लेंड. एका लयीत, न अडखळता. ऐकत बसावंसं वाटायचं.

तिसऱ्या वर्षी पावसाळा संपता संपता ते झालं. दुपारची वेळ होती. स्लाइड निम्मी मोजून झाली होती आणि सरांचा फोन वाजला. ते व्हरांड्यात गेले. काचेवर बोटाचा ठसा दिसला म्हणून मी स्लाइड काढली आणि ओढणीच्या टोकानं पुसू लागले. तेवढ्यात ते परत आले, खुर्चीत बसले, डोळा लावला.

"लिही. हॉर्नब्लेंड."

मला वाटलं, थट्टा करतायत. स्लाइड माझ्या हातात होती.

"इल्मेनाइट. हॉर्नब्लेंड."

चकती फिरत होती. खाली नुसता उजेड होता. त्यांचा चेहरा नेहमीसारखा, थोडा आक्रसलेला, लक्ष लावून पाहणाऱ्या माणसाचा.

"गार्नेट. हॉर्नब्लेंड. हॉर्नब्लेंड. लिहून राहिली ना?"

"हो सर," मी म्हणाले. आणि मी खरंच लिहिलं होतं. सहा रेघा.

मग मी म्हणाले, "सर, एक मिनिट, स्लाइड सरकली वाटतं." त्यांनी मान मागे घेतली. मी स्लाइड बसवली, वरची क्लिप लावली. ते पुन्हा वाकले आणि तीनशे पूर्ण होईपर्यंत बोलत राहिले. मी लिहीत राहिले. त्या सहा रेघा मी खोडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी सातला येऊ लागले. लॅब उघडणाऱ्या भैयांना सांगितलं, चाळणीचं काम मागे पडलंय. मोजलेल्या स्लाइड काढून मी एकेक परत मोजायला घेतली. पहिल्या दोन दिवसांत वाटलं, माझाच डोळा कच्चा असेल. मी पुस्तकातली चित्रं शेजारी ठेवली, प्रत्येक कण फिरवून फिरवून पाहिला. हॉर्नब्लेंड होतं, पण थोडं. त्याच्या जागी सिलिमनाइट होतं, काडीसारखं लांबट, पारदर्शक. कुणालाही ओळखता येईल असं. सिलिमनाइट म्हणजे किनाऱ्यालगतचे डोंगर. चाळण्यांनी सांगितलेलं खरं होतं. वाळू तिथलीच होती, आपल्या राजीमची नव्हती. सर जे बोलत होते ते काचेखालचं नव्हतं. तो त्यांचा पंचवीस वर्षांपूर्वीचा लेख होता, त्यातलंच प्रमाण, तोंडपाठ.

एका रविवारी सर देवळात गेलेले पाहून मी त्यांच्या घरी गेले. काकू, सरांच्या पत्नी, पोहे निवडत होत्या. मी कशीबशी सुरुवात केली, "काकू, सरांच्या डोळ्यांना..." आणि त्यांचा हात थांबला.

"तुले कसं समजलं?"

मी सांगितलं. सहा कणांचंही सांगितलं.

काकूंनी पुन्हा पोह्यांत बोटं घातली. मग म्हणाल्या, "दीड वर्ष झालं. बाजूचं दिसते, मधलं दिसत नाही. डॉक्टर म्हणे डोळ्याचा पडदा झिजला, नजर आता येत नाही परत. जेवताना भाताकडे नाही पाहत, ताटाच्या काठाकडे पाहते. माझ्याकडे पाहते तर कानाकडे पाहते." पोह्यातला एक खडा त्यांनी बाजूला ठेवला. "आठ महिने राहिले रिटायरमेंटले. तेवढं जाऊ दे बाई. त्या खुर्चीतून त्यायले असं नको उठवू."

मी हो म्हणाले. त्यांची दया आली म्हणून म्हणाले, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते अर्धंच खरं होतं. सरांचं बाहेर आलं असतं तर मला दुसरा मार्गदर्शक शोधावा लागला असता. रायपुरात या विषयाचा दुसरा कुणी नव्हता. तीन वर्षं पाण्यात गेली असती. घरी माझ्या लग्नाचं टुमणं सुरूच होतं, थीसिस एवढीच माझ्या हातात सबब होती. आठ महिने मलाही हवे होते.

निघताना मी एक विचारलं होतं, हे आठवतं. "काकू, स्कूटर चालवतात ते?"

"सकाळी गल्लीत गर्दी नसते," काकू म्हणाल्या. "रस्ता त्यायच्या पायाखालचा आहे."

मी फाटक लावून निघाले.

त्यानंतर सकाळी मी खरं मोजायचे आणि दुपारी खोटं लिहायचे. दोन वह्या झाल्या. सर खुशीत होते. "पाहून राहिली ना, हॉर्नब्लेंड कसं येऊन राहिलं ते?" असं विचारायचे आणि मी हो म्हणायचे.

डिसेंबरात एका सकाळी काकूंचा फोन आला. मी लॅबमध्येच होते. "ताबडतोब ये. गाडी लागली." मला वाटलं सरांना लागलं. सरकारी दवाखान्यात पोचले तर सर बाकावर बसलेले, कोपराला खरचटलेलं, शर्टवर थोडी माती. आत स्ट्रेचरवर एक म्हातारी होती.

बूढ़ा तालाबच्या वळणावर ती रोज सकाळी बसायची. दात घासायच्या दातूनच्या काड्यांच्या जुड्या आणि टोपलीत लाल भाजी. मीसुद्धा तिच्याकडून भाजी घेतली होती. सरांची स्कूटर सरळ तिच्यावर गेली. वळताना नाही, घसरून नाही, सरळ. ती समोर होती, आणि समोरचं तेवढंच त्यांना दिसत नव्हतं.

तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ती ओरडत नव्हती. तोंड उघडं ठेवून छोटे छोटे श्वास घेत होती आणि हातानं काहीतरी चाचपत होती. नर्स म्हणाली, टोपली शोधतेय. तिची सून आली, माझ्याच वयाची असेल, कडेवर मूल. नवरा उरला या कारखान्यांच्या भागातल्या रोलिंग मिलमध्ये पाळीवर होता, त्याला अजून निरोप पोचायचा होता. तिनं सासूला पाहिलं, मग बाहेर येऊन बाकावरच्या सरांना पाहिलं. सर तिच्याकडे तोंड करून होते, पण नजर तिच्या खांद्यापलीकडे. ती माझ्याकडे वळली.

"तोर सर ला दिखय नइ का, दीदी?"

तुझ्या सरांना दिसत नाही का. इतकं सरळ मला कुणीच विचारलं नव्हतं. काकू माझ्याकडे बघत होत्या. सर बाकाची कड धरून बसले होते.

"दिखता है," मी म्हणाले. "सामने धूप थी."

पोलिसानं कागदावर लिहून घेतलं, वृद्ध महिला अचानक समोर आली. सरांनी सही केली. ते वाचून दाखवलं तेव्हा सून म्हणाली, "दाई ह बइठे रिहिस. बइठे मनखे सामने मं कइसे आही?" आई बसलेली होती, बसलेलं माणूस समोर कसं येईल. पोलीस म्हणाला, देखेंगे. पुढे कुणी काही पाहिलं नाही. त्या लोकांना दवाखाना सांभाळायचा होता, ठाण्याचे खेटे घालायला वेळ नव्हता.

सरांनी स्कूटर विकली. आठवडाभर ते कॉलेजात आले नाहीत. मग त्यांनी मला घरी बोलावलं. समोरच्या खोलीत पडदे ओढलेले होते. काकू चहा ठेवून आत गेल्या. सरांनी कप घेतला नाही.

"त्या दिवशी स्लाइड नव्हती ना खाली?"

मी माझा कप खाली ठेवला.

"क्लिपचा आवाज आला मले. त्याच्या आधी मी सहा मोजले होते. रात्री आठवलं." त्यांचा आवाज वर्गातल्यासारखाच होता, कोरडा. "तू काहून नाही बोलली?"

"तुम्ही काहून नाही बोललात, सर?" हे माझ्या तोंडून निघून गेलं. सरांशी मी असं कधी बोलले नव्हते.

"मी काय बोलणार? माझ्याजवळ दुसरं काय होतं?" ते थांबले. "पण तू तर पाहू शकत होती. तू त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर मी घरी बसलो असतो. चिडलो असतो, पण बसलो असतो. ती बाई आज तिच्या जागेवर असती."

मला राग आला. आपलं ओझं ते माझ्या डोक्यावर ठेवतायत असं वाटलं. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की त्यांचं म्हणणं खोटं नाही. स्कूटरचं मी विचारलं होतं, आणि उत्तर ऐकून गप्प बसले होते.

मी पिशवीतून दुसरी वही काढली. "मी सगळ्या स्लाइड परत मोजल्या आहेत."

"मले माहीत होतं. लॅबवाला सांगे, मॅडम सकाळी सातला येते." ते खुर्चीत मागे टेकले. "वाच."

मी वाचलं. एक ते अडतीस. किती इल्मेनाइट, किती गार्नेट, किती हॉर्नब्लेंड. ते प्रत्येक नमुन्याला एकच विचारत होते, "सिलिमनाइट?" मी आकडा सांगायचे. दहाव्या-बाराव्या नमुन्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं. मी वाचत राहिले. बाहेर गल्लीत स्कूटरी जात होत्या आणि दर वेळी त्यांचे खांदे थोडे आखडत होते.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "म्हणजे आपली नाही ती वाळू."

"नाही सर."

"हेच लिही."

प्रबंध मी माझ्या मोजणीवर लिहिला. मार्गदर्शकाच्या सहीसाठी पानं घेऊन गेले तेव्हा त्यांनी पेन हातात धरून विचारलं, "कुठं?" मी त्यांचं बोट ओळीवर ठेवलं. सही ओळीच्या वर गेली, थोडी तिरकी. ऑफिसातल्या बाबूनं ती पाहून तोंड वाकडं केलं, पण घेतली.

माझ्या आधीच्या दोघा विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतही सरांची मोजणी होती, दिसेनासं झाल्यानंतरची. मी दोघांना कळवलं. एकानं उत्तरच दिलं नाही. दुसरा आता चांगल्या नोकरीत आहे, तो फोनवर म्हणाला, "रहने दे यार, कौन पढ़ता है." सरांना मी म्हटलं की त्या जुन्या लेखाबद्दल एक पत्र पाठवू, मी लिहून देते, तुम्ही फक्त सही करा. ते हो म्हणाले आणि दर वेळी पुढच्या आठवड्यावर ढकलत गेले. ते पत्र अजून गेलेलं नाही.

म्हातारीचं ऑपरेशन उशिरा झालं. नंतर ती उठलीच नाही. पाठीला जखमा झाल्या. काकू डबा पाठवत होत्या, मी दोनदा पाहून आले. दुसऱ्या वेळी तिनं मला ओळखलं नाही, किंवा ओळखून तोंड फिरवलं असेल. होळीच्या आधी ती गेली.

दहाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. एका खोलीचं घर, पुढे पत्र्याची पडवी. सून अंगणात भांडी घासत होती. नवरा नुकताच पाळीवरून आलेला, हातापायांवर मिलची काळी धूळ तशीच, भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेला. मी वाटेत ठरवलेली सगळी वाक्यं विसरले.

"सर को दिखता नहीं था," मी म्हणाले. "मुझे मालूम था. दवाखाने में मैंने झूठ बोला."

तिचे हात राखेत होते. तिनं वर पाहिलं. मला वाटलं आता ती ओरडेल, नवऱ्याला उठवेल, शेजारपाजार गोळा होईल. त्यासाठी मी तयार होऊन आले होते. तिनं फक्त विचारलं, "त अब काबर बतावत हस?"

मग आता कशाला सांगतेस. ठाण्यात चला, मी लिहून देते, असं मी पुटपुटले. तिनं नकारार्थी मान हलवली. "एक दिन के पाली छूट जाही," ती नवऱ्याकडे पाहत म्हणाली. एका दिवसाची पाळी बुडेल. त्यानं डोळे उघडले नव्हते. मग ती भांड्यांकडे वळली आणि मी तिथं आहे हे विसरल्यासारखी घासत राहिली. थोडा वेळ उभी राहून मी निघाले. मी एकटीच ठाण्यात जाऊन लिहून देऊ शकले असते. गेले नाही. त्यात काकूही अडकल्या असत्या, मीही अडकले असते.

उन्हाळ्यात माझी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, तुमचे निष्कर्ष तुमच्या मार्गदर्शकांच्या जुन्या कामाच्या विरुद्ध कसे? मी उत्तर द्यायच्या आत सर म्हणाले, "तिनं पाहिलं. मी नाही पाहिलं." परीक्षकांना तो विनय वाटला. ते हसले, दोघा-चौघांनी टाळ्या वाजवल्या. सर हसले नाहीत.

आता मी एका खासगी कॉलेजात शिकवते. वाळूचं काम सुटलं. सर घरीच असतात. आता त्यांना बाजूचंही कमी दिसतं. मी महिन्यातून एकदा जाते. जावंसं वाटत नाही, तरी जाते. ते हवापाण्याचं बोलतात, कॉलेजात कोण नवीन आलं ते विचारतात. काकू म्हणतात, दुपारी त्यांना झोप लागत नाही, खिडकीपाशी बसून राहतात. त्या दिवसाचं आम्ही तिघंही बोलत नाही. मागच्या खेपेला निघताना मी चपला घालत होते, तेव्हा त्यांनी आतून विचारलं, "त्या बाईची सून काय करते आता?"

"तिथंच बसते सर," मी सांगितलं. "वळणावर. भाजी घेऊन."

ते पुढे काही विचारतील म्हणून मी थोडी थांबले. मग मी दार ओढून घेतलं आणि वळण टाळून, मागच्या गल्लीनं घरी आले.